‘रीकम्पाइल करून घ्या’ एवढ्यावर भागत नाही

प्रति,
शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल) लिहिणारी, पॅकेज करणारी आणि ‘मायनर रिलीज’ म्हणून गिऱ्हाइकांकडे पाठवणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख बहुतेक सपोर्टच्या तिकिटांतूनच होते. मी लिहितो, ‘तुमची लायब्ररी १.४ वरून १.५ केली आणि आमची सर्व्हिस पडायला लागली.’ यथावकाश उत्तर येतं, ‘नव्या हेडरवर रीकम्पाइल करून घ्या.’ म्हणजे लायब्ररीत काय आहे ते सांगणारी नवी हेडर फाइल घेऊन आपला प्रोग्राम सोर्स कोडपासून पुन्हा बांधा. तिकीट बंद. तुमच्या डॅशबोर्डवर हिरवा ठिपका लागतो आणि इकडे माझी रात्रपाळी सुरू होते. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. ते लिहिणारा माणूस काही वाईट नसतो. त्याच्या मशीनवर सोर्स असतो, कम्पायलर असतो, चहा येईपर्यंत सगळं बिल्ड होऊन जातं. तेव्हा इतरांचंही तसंच असणार असं तो धरून चालतो.

इतरांचं तसं नसतं. मी ज्या सिस्टिम्स बघतो त्यांतल्या बऱ्याच चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत आहेत. तपासणीच्या यंत्राबरोबर आलेला प्रोग्राम यंत्राइतकाच जगतो, आणि यंत्र काही दर तीन वर्षांनी बदलत नाही. प्रोग्राम लिहून देणारी कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कोणी तरी विकत घेतलेली असते किंवा उरलेलीच नसते. सोर्स कुठल्याशा सीडीवर होता म्हणतात. जिथे सोर्स हाताशी आहे तिथेही बायनरी (कम्पाइल होऊन तयार झालेली फाइल) बदलली की पुन्हा व्हॅलिडेशन, पुन्हा सह्या, औषधं बनवणाऱ्यांकडे तर कागदांचा गठ्ठाच. आणि समजा मी माझा प्रोग्राम रीकम्पाइल केलाही, तरी तुमची लायब्ररी वापरणारी तिसऱ्याचीच एक लायब्ररी मध्ये बसलेली असते. ती मला फक्त बायनरी स्वरूपात मिळालेली आहे. तिला कोण रीकम्पाइल करणार? घोडं पेंड खातं ते नेमकं इथे.

तुमचं म्हणणं असं असतं की फंक्शनं तीच आहेत, नावं तीच आहेत, जुना कोड नव्या हेडरवर एकही वॉर्निंग न देता कम्पाइल होतो, मग सुसंगतता मोडली कुठे? मोडली ती एबीआयमध्ये, म्हणजे कम्पाइल झालेल्या दोन तुकड्यांमधल्या करारात. हेडरमधला एपीआय, म्हणजे फंक्शनांची नावं आणि रूप, कम्पायलर वाचतो आणि त्याचं काम तिथे संपतं. त्यानंतर बायनरीत उरतात ते आकडे: अमुक फील्ड सुरुवातीपासून चौथ्या बाइटवर, तमुक स्ट्रक्चर सोळा बाइटचं, हे व्हर्च्युअल फंक्शन तक्त्यात तिसरं. हे आकडे माझ्या बायनरीत कायमचे छापले गेलेत. तुम्ही तुमच्या बाजूचे बदललेत हे तिला कळायला मार्गच नाही.

एक प्रकरण जरा जवळून दाखवतो. लायब्ररीचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. जोडणीच्या सेटिंग्जचं एक साधं स्ट्रक्चर होतं: आधी पोर्ट, मग मिलिसेकंदांत टाइमआउट, मग होस्टनेमचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता). ६४ बिटच्या लिनक्सवर चार अधिक चार अधिक आठ, म्हणजे सोळा बाइट. प्रोग्राम ते स्वतःच्या स्टॅकवर (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत) तयार करायचा, भरायचा आणि त्याचा पत्ता लायब्ररीला द्यायचा. नव्या मायनर रिलीजमध्ये कोणी तरी ‘रीट्राय’ नावाचं एक फील्ड घातलं, आणि पोर्टशी नातं आहे म्हणून पोर्टच्या लगेच खाली घातलं. वाचायला छान दिसतं. आता रीट्राय चौथ्या बाइटवर आला, टाइमआउट सरकून आठव्यावर गेला, मध्ये चार बाइटचं रिकामं पॅडिंग पडलं आणि होस्टनेम सोळाव्यावर पोचला. स्ट्रक्चर चोवीस बाइटचं झालं.

जुन्या प्रोग्रामला यातलं काहीच ठाऊक नाही. तो आपला चौथ्या बाइटवर ३०,००० लिहून मोकळा, कारण टाइमआउट अर्धा मिनिट हवा आहे. लायब्ररी ते वाचते रीट्राय म्हणून. टाइमआउट म्हणून तिला मिळतो होस्टनेमच्या पत्त्याचा खालचा अर्धा तुकडा. आणि होस्टनेमसाठी ती हात घालते थेट स्ट्रक्चरच्या बाहेर, स्टॅकवर जे काही पडलेलं असेल त्यात. आमच्याकडे तिथे शून्य पडलेलं होतं. नाव दिलेलं नाही असं समजून लायब्ररीने लोकलहोस्ट घेतला. टेस्ट सर्व्हरवर समोरची सर्व्हिस त्याच मशीनवर चालत असल्यामुळे टेस्ट बिनबोभाट पास! प्रॉडक्शनवर ती वेगळ्या मशीनवर होती. लॉगमध्ये ‘कनेक्शन नाकारलं’च्या ओळींमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रयत्नाचा क्रमांक, ‘३०००० पैकी’. तो तीस हजारांचा आकडा आमच्याच कॉन्फिग फाइलमधला, पण तिथे त्याच्यापुढे टाइमआउट लिहिलेलं. तो ओळखीचा वाटला म्हणून गाठ सुटली, नाहीतर नेटवर्कवाल्यांशी भांडण्यातच रात्र गेली असती.

क्रॅश झाला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आपल्या धंद्यात फार वेळा येते.

हे फील्ड शेवटी टाकलं असतं तर सुटलो असतो का? निम्मे. बाकीची फील्डं जागच्या जागी राहिली असती, पण रीट्राय वाचायला लायब्ररी सोळाव्या बाइटवर, म्हणजे तरीही माझ्या स्ट्रक्चरबाहेरच गेली असती. यावरचे उपाय नवे नाहीत. विंडोजच्या कित्येक स्ट्रक्चर्समध्ये पहिलं फील्डच आकाराचं असतं. बोलावणारा आपला आकार लिहून पाठवतो आणि सिस्टिम त्यावरून ओळखते की समोरचा किती जुना आहे. डेटा आकसणाऱ्या झेडलिब लायब्ररीत तर आपण ज्याला फंक्शन समजून बोलावतो तो डिफ्लेट सुरू करणारा कॉल खरं तर मॅक्रो आहे, म्हणजे कम्पाइल होताना त्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो. तो गुपचूप दोन जास्तीच्या गोष्टी आत पाठवतो: कम्पाइल करतेवेळच्या हेडरची आवृत्ती आणि त्या वेळचा स्ट्रक्चरचा आकार. जुळलं नाही तर आवृत्तीची चूक म्हणून कॉल तिथल्या तिथे परत. मला हा मॅक्रो फार आवडतो. कोणी तरी आपल्यासारख्या लोकांचा विचार करून तो लिहिला आहे.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे स्ट्रक्चर दाखवायचंच नाही. पॉइंटर द्यायचा, आत काय आहे ते लायब्ररीलाच माहीत, भरायचं ते फंक्शनांमधून. लिबकर्ल (नेटवर्कवरून डेटा आणण्या-पाठवण्याची लायब्ररी) असंच चालतं. तिच्या फाइलच्या नावातला ४ हा आकडा २००६ पासून तोच आहे. एबीआय मोडला की हा आकडा वाढवायचा असतो; तो असलेल्या नावाला एसओनेम म्हणतात. मार्च २०२३ मध्ये कर्लची आवृत्ती ८.० झाली, मोठा आकडा बदलला, तरी लायब्ररी चारचीच. मध्ये किती नवे प्रोटोकॉल, किती नवे पर्याय आले असतील. प्रत्येक पर्याय म्हणजे एक नवा क्रमांक आणि जुन्या क्रमांकांना हात लावायचा नाही, एवढी शिस्त. जीलिब (ग्नोम डेस्कटॉपची पायाभूत लायब्ररी) २.० मार्च २००२ मध्ये आली, तिच्या फाइलच्या नावातला शेवटचा शून्यही अजून शून्यच आहे. म्हणजे हे जमतं.

सी++ वाल्यांसाठी थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्याकडे मोडण्याच्या वाटा जास्त. क्लासच्या प्रायव्हेट भागात मेंबर वाढवला तर कोणाला काय फरक पडतो? ज्याने तो ऑब्जेक्ट स्वतःच्या स्टॅकवर बनवला किंवा त्या क्लासवरून आपला क्लास काढला त्याला पडतो. प्रायव्हेट हा शब्द कम्पायलरपुरता आहे, बाइट सगळ्यांनाच मोजावे लागतात. मधेच व्हर्च्युअल फंक्शन घातलं की तक्त्यातली पुढची सगळी एकेक घर खाली. इनम मध्ये नवी किंमत घुसवली तरी तेच. डिफॉल्ट आर्ग्युमेंट बदललंत तर जुनी बायनरी जुनंच पाठवत राहते, कारण ते बोलावणाऱ्याच्या कोडात भरलं जातं. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी कधीचीच लिहून ठेवली आहे, आणि क्यूटी या सी++ लायब्ररीत डी-पॉइंटरची पद्धत (आतला सगळा डेटा एका पॉइंटरमागे लपवायची) रुळून जमाना झाला. नव्याने शोधायचं काही नाही.

आणि इंटरफेसमध्ये स्टँडर्ड लायब्ररीची स्ट्रिंग देत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: तुमचा एबीआय तुमच्या हातात राहिलेला नाही. २०१५ मध्ये जीसीसी कम्पायलर ५ आला तेव्हा सी++११ च्या नियमांपायी स्ट्रिंग आणि लिस्ट या दोन्हींची आतली रचना बदलावी लागली. त्यांनी स्टँडर्ड लायब्ररीचा आकडा ६ तसाच ठेवला, जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना एकाच फाइलमध्ये नांदवल्या आणि नव्या रचनेच्या नावात वेगळी खूण घातली, म्हणजे सरमिसळ झाली तर प्रोग्राम सिम्बॉल (फंक्शनचं बायनरीतलं नाव) सापडत नाही म्हणून सुरुवातीलाच अडेल, चालता चालता भलतंच करणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी यापेक्षा बरं काही सुचलं नसतं. पण त्याचा परिणाम असा की तुमचा तोच सोर्स एका डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एका वितरणावर) बिल्ड केला तर एक एबीआय आणि दुसरीकडे दुसरा. रेड हॅट ७ वर नवा जीसीसी बसवूनही जुनीच रचना मिळते. डेबियनला त्या वर्षी कित्येक पॅकेजांच्या नावांपुढे व्ही५ चिकटवावं लागलं. हे सगळं टाळायचं असेल तर सीमेवर साधा सीचा इंटरफेस ठेवा, आत काय हवं ते करा.

आता तुमची बाजू. सुसंगतता फुकट मिळत नाही हे मला मान्य आहे. स्टँडर्ड रेगेक्स (मजकुरात नमुने शोधणारा भाग) संथ आहे म्हणून सगळे नाकं मुरडतात, पण ती दुरुस्त करायला एबीआय आडवा येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रागच्या बैठकीत सी++ समितीने एबीआय मोडायचा का यावर मतं आजमावली, चर्चा झाली, आणि मोडण्याचं ठोस पाऊल काही उचललं गेलं नाही. नाराज झालेल्या लोकांचं म्हणणं मला कळतं. जुनं ओझं वाहत राहायचं तर नव्या प्रोग्रामनीही ते वाहायचं, हा अन्याय आहेच.

शिवाय काही वेळा दोष ग्राहकाचाच असतो. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ वर ६४ बिटचं फ्लॅश प्लगइन आवाज फाटका काढायला लागलं. कारण निघालं मेमकॉपी, मेमरीचा तुकडा दुसरीकडे नकलणारं फंक्शन. जीलिबसीने (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीने) वेगासाठी काही प्रोसेसरांवर ती उलटीकडून कॉपी करायला लावली होती, आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांवर मेमकॉपी वापरत होतं, जे सीच्या मानकात निषिद्धच आहे. नियमाप्रमाणे जीलिबसी शंभर टक्के बरोबर. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतः त्या बगच्या चर्चेत उतरले आणि त्यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली: काल चालत होतं ते आज चालत नाही, त्याला मानक दाखवून काय उपयोग? शेवटी २०११ मध्ये जीलिबसी २.१४ ने तोडगा काढला. जुन्या बायनरींना मेमकॉपीच्या नावाखाली मेममूव्हसारखी सुरक्षित वागणारी आवृत्ती, आणि नव्याने कम्पाइल होणाऱ्यांना नव्या आवृत्तीच्या खुणेची वेगवान मेमकॉपी. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं, कोण कधी बिल्ड झालं यावरून ज्याला त्याला त्याची मिळते. सिम्बॉल व्हर्शनिंग म्हणतात ते हेच. याच्याच जोरावर इंटेलच्या लिनक्सवर जीलिबसीच्या फाइलचा आकडा १९९७ पासून ६ वर उभा आहे.

पण त्याच जीलिबसीच्या ऑगस्ट २०२२ मधल्या २.३६ आवृत्तीने दुसऱ्या बाजूने गंमत केली. सिम्बॉल शोधायचा जुना हॅश तक्ता डिफॉल्ट बिल्डमधून गेला. नवा, जास्त वेगवान तक्ता २००६ पासून होताच. एकाही फंक्शनला धक्का नाही. तरी लिनक्सवरचे कित्येक गेम सुरू होईनात, कारण त्यांच्यातलं फसवणूक पकडणारं ईझी अँटी-चीट तोच जुना तक्ता स्वतः उघडून वाचत होतं. आर्च लिनक्सने तो परत आणला. कोणाचं चुकलं यावर आजही दोन तट पडतील. मला एवढंच दिसतं की तुम्ही हेडरमध्ये न लिहिलेल्या गोष्टींवरही लोक उभे असतात, आणि त्या हलवताना आधी एक आवाज द्यायला काही खर्च येत नाही.

जाता जाता आमच्या बाजूचीही एक तक्रार निकालात काढतो, कारण ती चुकीची तक्रार तुमच्याकडे रोज येत असणार. नव्या उबुंटूवर बिल्ड करायचं, जुन्या सर्व्हरवर न्यायचं, आणि ‘जीएलआयबीसी २.३४ सापडत नाही’ म्हणून ओरडायचं. जीलिबसीच्या २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी खूण मिळाली, त्यामुळे त्यावर बिल्ड झालेलं सगळंच ती मागतं. यात काही मोडलेलं नाही. सगळ्यात जुन्या सर्व्हरवर जे चालायला हवं ते तितक्याच जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड करावं आणि गप्प बसावं.

‘एवढी कटकट असेल तर स्टॅटिक लिंक करा’ असाही सल्ला मिळतो, म्हणजे लायब्ररी आपल्या प्रोग्रामच्या पोटातच भरून टाका. तो देणाऱ्याने ७ एप्रिल २०१४ ची आठवण काढावी. हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली, इंटरनेटवरचं एन्क्रिप्शन करणारी ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ सगळ्या गळक्या. ज्यांनी शेअर्ड लायब्ररी वापरली होती त्यांनी एक पॅकेज बदललं, सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या आणि वेबसर्व्हरपासून मेलपर्यंत सगळं एका झटक्यात दुरुस्त झालं. हे शक्य झालं कारण दुरुस्त फाइल जुन्या फाइलच्या जागी जशीच्या तशी बसत होती. ज्यांच्या पोटात ओपनएसएसएल स्टॅटिक होती ते आपल्या व्हेंडरच्या मेलची वाट बघत बसले. तुमची लायब्ररी बदलताना माझे हात थरथरायला लागले तर उद्या तुमचा सुरक्षेचा पॅचही मी पुढे ढकलीन. मी एकटा नाही, माझ्या ओळखीचे सगळे ढकलतात. खरं नुकसान हेच आहे, आणि ते तुमच्या कुठल्याही तिकिटात दिसत नाही.

मोडूच नका असं माझं म्हणणं नाही. मोडायचं तर उघड मोडा. ओपनएसएसएलने ऑगस्ट २०१६ च्या १.१.० मध्ये स्ट्रक्चर्स झाकून टाकली आणि अर्ध्या जगाचा कोड बदलायला लावला, पण एसओनेमही बदलला, म्हणून डेबियन ९ मध्ये जुनी नवी दोन्ही शेजारी शेजारी राहू शकली. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो पलीकडे गेला. डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटच्या एआरएमवर वेळेचा प्रकार ६४ बिटचा केला, कारण १९ जानेवारी २०३८ ला जुना भरून वाहणार. त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांच्या नावांपुढे टी६४ लावलं, म्हणजे जुनं आणि नवं चुकूनही एकत्र इन्स्टॉल होणार नाही. आणि आय३८६ मात्र मुद्दाम वगळलं, कारण ते आता उरलंय तेच मुख्यतः जुन्या बायनरी चालवण्यासाठी. आपली आर्किटेक्चर कोण आणि कशासाठी वापरतं याचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे.

तेव्हा मागणं असं. रिलीज करण्याआधी मागच्या रिलीजची आणि या रिलीजची .एसओ (शेअर्ड लायब्ररीची) फाइल लिबॲबिगेलच्या एबीआयडिफ या एबीआयची तुलना करणाऱ्या साधनाला द्या. डीबग माहितीसकट बिल्ड असलं की झालं. कोणतं फील्ड किती बिट सरकलं, कोणतं फंक्शन गेलं, कोणत्या क्लासचा आकार वाढला, सगळं ते सांगतं. आमच्या त्या रीट्रायचं प्रकरण त्याने पहिल्याच झटक्यात पकडलं असतं. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) ही एक पायरी आहे, महिनाभराचं काम नाही. अहवालात मोडलेलं दिसलं तर दोनच मार्ग: बदल मागे घ्या, नाहीतर एसओनेम वाढवा. तिसरा, म्हणजे आकडा तोच ठेवून गप्प पाठवून देण्याचा, बंद करा. दर रिलीजला आकडा वाढवत सुटणंही नको, कारण मग प्रत्येक पॅच म्हणजे आमच्यासाठी नवं स्थलांतर. रिलीज नोट्समध्ये ‘विविध सुधारणा’ या ओळीच्या खाली आणखी एक ओळ द्या: मागच्या कोणत्या आवृत्तीपर्यंतच्या बायनरी हिच्यावर जशाच्या तशा चालतील. ती ओळ लिहिता येत नसेल तर रिलीज अजून तयार नाही.

आणि एबीआयडिफचा अहवाल लांबलचक येतो, वाचायला माणूस नाही, ही सबब मी ऐकलेली आहे. अहवाल रिलीजसोबत तसाच जोडून पाठवा. वाचायचं काम आम्ही करू.

आपला,
पुण्यातला एक सपोर्ट इंजिनिअर